टेप अपुरी

बावीस विहिरी होत्या माझ्या नावावर.
एकीचंही पाणी माझं नव्हतं.
जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर,
यावल तालुका, सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा.
आधी सायकल, मग सुवेगा, मग पोराची स्प्लेंडर.
पिशवीत पोलादी टेप, भाकरी,
आणि मारूळच्या शाळेतून मागून आणलेले खडूचे तुकडे.

टेपेला खडू चोळायचा, आत सोडायची, वर ओढायची.
पांढरं जिथून काळपट होतं
तिथे पाणी.
एवढंच शास्त्र मला येत होतं.

काठावर माणसं जमायची.
"काय रे सुपडू, सरकारले वरून पानी नही दिसत का?"
"मोजल्यानं वाढते का बापा?"
मी आकडा लिहायचो.
नऊ मीटर चाळीस.
पुढे अकरा वीस. पुढे सतरा.
एका मे महिन्यात नऊ नंबरच्या विहिरीत
टेप संपली
आणि खडू कोरडाच वर आला.
अशा वेळी रकान्यात काय भरायचं
ते फॉर्मवर नव्हतं.
मी लिहिलं, टेप अपुरी.
वरून लाल शाईत आलं:
टेप अपुरी की विहीर कोरडी? खुलासा करावा.
तो खुलासा माझ्याकडे बाकी राहिला.

मग हेमांगी वारके आली.
चिनावलची पोरगी, जळगावला संशोधन करणारी.
तिला रजिस्टरं हवी होती, अठ्ठावीस वर्षांची,
सुतळीत बांधलेली,
एकाचा कोपरा उंदरानं खाल्लेला,
त्यात एक अख्खा ऑक्टोबर गेला होता.
आजाऱ्याचे जुने रिपोर्ट बघावेत
तशी ती एकेक पान बघत बसली.
तिसऱ्या दिवशी विचारलं,
"काका, हा आकडा असा एकदम का घसरला?"
म्हटलं, "त्या दिवशी मोटार चालू होती."
अठ्ठावीस वर्षांत मला कुणी
आकड्याचं कारण विचारलं नव्हतं.
तो आकडा तिनं खोडला.
खोडण्याआधी माझ्याकडे बघितलं,
मी मान हलवली, तेव्हा.

डोंगरातून नदी उतरते
आणि गोट्यांच्या पट्ट्यात दिसेनाशी होते.
आम्ही म्हणायचो, रुसली.
ती म्हणाली, "रुसली नाही काका, आत गेली.
खालच्या केळीपर्यंतचं सगळं तिथूनच भरतं."
रुबाब तडवीच्या शेळ्या उन्हाळ्यात
शेवटचं पाणी जिथे पितात
ती जागा त्यानं काठीनं दाखवली.
नकाशात ती निळ्या पेनानं आली,
शेजारी त्याचं नाव.

ग्रामसभेत ठरलेलंच होतं:
तलाव स्टँडजवळ, कोनशिला तयार,
फक्त तारीख कोरायची राहिलेली.
हेमांगी उठली.
इथे काळी माती आहे, पाणी मुरणार नाही,
बसून राहील आणि उन्हानं उडेल.
बांधायचं तर वर, गोट्यांत, लहान लहान.
"तठी कोन पाह्यले जाईन?" एक जण ओरडला.
"पाणी जाईल," ती म्हणाली.
हसले सगळे. पण दोन वर्षं भांडून
अकरा बांध वरच झाले.
कोनशिला अजून स्टँडजवळ पडून आहे,
तिच्यावर पोरं बसची वाट बघतात.

तिचा निबंध इंग्रजीत कुठेतरी छापून आला.
शेवटी बारीक अक्षरात माझं नाव,
एक अक्षर चुकलेलं.
तोच मजकूर दोन पानी मराठीत
तिनं पिठाच्या गिरणीवर चिकटवला,
तिथे तो पीठ उडून पांढरा होईपर्यंत वाचला गेला.

देशाची गरज, असं भाषणात म्हणतात,
तेव्हा ती फार मोठी वाटते.
मी ती बावीस खड्ड्यांत सोडून पाहिली आहे,
सेंटिमीटरमध्ये.

आता मी रिटायर.
विहिरींवर यंत्रं बसलीत, आकडा मोबाइलवर जातो.
तरी या मे महिन्यात नऊ नंबरवर गेलो,
खडू चोळला, टेप सोडली,
ओढून घेतली.
टोकाशी बोटभर काळपट.
टेप पुरली.
जुन्या साहेबांचा पत्ता असता
तर खुलासा धाडला असता.

चौदा नंबरला मात्र अजून पुरत नाही.
बांध तिच्याच वर आहेत, तरी नाही.
हेमांगीला फोन करून सांगितलं.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, "का बरं?"